रफार

चौथ्यांदा लिहितोय हे नाव.
पहिल्यांदा लिहिलं तेव्हा उस्ताद होते,
शिडी धरून खालून ओरडले,
अनुस्वार मोठा घे,
तापातला माणूस लांबून वाचतो.

सेंट. इथवर हात बिनघोर चालतो.
मग जॉर्ज.
पहिल्या ज शेजारी काना, कान्यावर चंद्रकोर,
आणि दुसऱ्या ज च्या पाठीवर रफार.
रफाराला श्वास धरायचा,
मनगट एकदाच वळवायचं.
तो स्वार आहे, उस्ताद म्हणायचे,
थरथरलास तर पडेल.

कुठला स्वार, मी विचारलं नाही.
मला वाटायचं, असेल कुणी जुना गोरा डॉक्टर,
नाहीतर नाण्यावरचा तो दाढीवाला राजा.

राजा कसला, शिपाई होता,
बस्त्याव म्हणाला. गेटवरचा रखवालदार, वसईकडचा.
पाकिटातून चित्र काढलं, कडा झिजलेलं:
पांढरा घोडा, भाला,
टापांखाली पंखांचं एक जनावर,
सुसरीसारखं, पण चेहरा बिचारा.
ह्याच्या नावानं किल्ले आहेत, पदकं आहेत,
शाळा आहेत, मोठमोठी देवळं आहेत.
आणि माझं नावही शिपायाचंच हां,
त्याला खांबाला बांधून बाण मारले.
गावात साथ आली की आजी त्यालाच हाक मारायची.
पण त्याच्या नावाचं आमच्याकडे काय,
तर एक क्रूस, एक विहीर
आणि मी.

इस्पितळाच्या मागे भिंतीचा एक तुकडा आहे,
काळा दगड, फटीतून पिंपळ,
वर वॉर्डातल्या चादरी वाळतात.
तोही ह्याच्याच नावाचा किल्ला होता म्हणे.
किल्ला पाडला. नाव पडलं नाही.
ज्या नावानं माणसं बाहेर ठेवायची
तेच नाव मग खाटांवर घातलं,
आणि गोदीतले हमाल, खलाशी, फलाटावर चक्कर आलेले,
ज्याला कुणी नाही तो,
सगळे आत.

तिसऱ्या खेपेला बोर्ड रंगवत होतो
तेव्हा आई वरच होती, खाट एकोणीस,
फुप्फुसात पाणी.
दुपारच्या सुट्टीत बस्त्याव चित्र घेऊन आला.
आईनं कपाळाला हात लावला,
खंडेरायच की रे.
मग बराच वेळ बघत राहिली.
पण आपल्या देवानं मणीला मारलं,
मरताना जवळही घेतलं,
पायरीशी जागा दिली त्याला.
ह्यानं ह्या जनावराला काय दिलं?

बस्त्याव गप्प.
टोपी काढून डोकं खाजवलं.
दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला,
फादरला विचारलं, मावशी.
त्यांनी चहा पाजला, उत्तर नाही दिलं.
आई हसली, आणि हसताना खोकला आला,
तो थांबेना.

शुक्रवारी पहाटे कागद मिळाला.
खिडकीच्या उजेडात वाचला.
आईचं नाव बरोबर होतं, गोजरबाई नामदेव धायगुडे,
वय अंदाजे, गाव बरोबर.
वर टाईप केलेलं:
सेंट जॉज रुग्णालय, मुंबई.

बाकी काही दिसेना मला.
घोडा नुसता उभा, पाठ रिकामी.

खिशात बॉलपेन होतं, निळं.
श्वास धरला.
मनगट एकदाच वळवलं.

ओ, कारकून म्हणाला, सरकारी कागद आहे,
खाडाखोड चालत नाही.
खाडाखोड नाही साहेब, म्हटलं,
तिथं एक माणूस बसतो.

त्यानं माझ्याकडे बघितलं,
बोटांच्या पेरांत सुकलेला पांढरा रंग बघितला,
आणि शिक्का मारला,
जरा बाजूला सरकवून.